अक्षर मोठं होतं, तेव्हा ओळ कुठे जाते?



तुमच्यापैकी बहुतेकांनी मोबाइलवर कधी ना कधी एखादा अर्ज भरला असेल. गॅसचा नंबर लावायचा असेल, रेल्वेचं तिकीट काढायचं असेल किंवा नातवाच्या शाळेचा फॉर्म असेल. चौकटीत फिकट अक्षरांत 'आपले नाव' असं लिहिलेलं असतं. तिथं बोट लावलं की ते शब्द लहान होत होत वर सरकतात आणि चौकटीच्या कडेवर जाऊन बसतात. पाहुणे आले की घरातलं मूल खुर्ची सोडून बाजूला होतं ना, अगदी तसं. आपण नाव लिहायला लागतो आणि ते सरकणं विसरूनही जातो. या सगळ्याला लागतो जेमतेम पाव सेकंद.

आज मला बोलायचं आहे ते या पाव सेकंदाबद्दल. मी मोबाइलवरची ॲप्स बनवणाऱ्या एका गटात काम करते. पडद्यावरचं अक्षर लहानाचं मोठं किंवा मोठ्याचं लहान होताना ते सुरळीत व्हावं, झटका बसू नये, हे पाहणं माझ्या कामाचा एक भाग आहे. हे ऐकून आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "अगं, एवढ्याशा गोष्टीसाठी इंजिनिअर लागतो?" खरं सांगायचं तर मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. ही सगळी सजावट आहे, केकवरची चेरी आहे, असं वाटायचं. तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात एक प्रसंग घडला आणि माझं मत बदललं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना सकाळी रक्तदाबाची अर्धी गोळी असते आणि रात्री जेवणाआधी मधुमेहाची एक गोळी. औषधांची आठवण ठेवणारं एक ॲप आमच्याच गटाने बनवलं होतं. लेकीने केलेलं म्हणून अण्णा मोठ्या अभिमानाने तेच वापरायचे. एका सकाळी चष्मा सापडेना. अण्णांनी यादीतल्या रक्तदाबाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि अक्षर मोठं करायचं बटण दाबलं. अक्षर मोठं झालं, पण एका फटक्यात. मोठ्या अक्षरांत मजकूर मावेना, म्हणून ओळी नव्याने तुटल्या. 'अर्धी' हा शब्द वरच्या ओळीच्या टोकाला राहिला आणि 'गोळी, सकाळी' हे शब्द खाली गेले. वरच्या सूचनाही मोठ्या झाल्यामुळे अख्खी यादी खाली ढकलली गेली. अण्णांचं बोट होतं तिथंच राहिलं, पण बोटाखाली भलतीच ओळ आली. त्यांनी 'गोळी, सकाळी' एवढंच वाचलं आणि अख्खी गोळी हातावर घेतली. सुदैवाने आईचं लक्ष होतं. तिने डबीवरची चिठ्ठी वाचली आणि त्यांचा हात धरला.

मी घरी आले तेव्हा अण्णा रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, "बाळ, अक्षर मोठं झालं, पण माझी ओळ कुठे गेली?"

श्रोतेहो, अण्णांच्या या प्रश्नाला एक पार्श्वभूमी आहे. त्यांनी उभा जन्म छापखान्यात जुळारी म्हणून काढला. शिशाचे खिळे केसमधून उचलायचे, स्टिकमध्ये ओळ जुळवायची आणि ती उलटी वाचायची, हे त्यांचं काम. तेव्हा अक्षर मोठं करायचं बटण नव्हतं. बारा पॉइंटचं अक्षर हवं तर बारा पॉइंटचे खिळे, चोवीसचं हवं तर चोवीसचे. पॉइंट म्हणजे इंचाचा साधारण बहात्तरावा भाग. प्रत्येक आकाराची केस वेगळी, कारण प्रत्येक आकार वेगळा कोरलेला आणि वेगळा ओतलेला.

यात एक गंमत आहे. चांगल्या कारागिराने कोरलेला मोठा टाइप म्हणजे लहान टाइपाला हवा भरून केलेला फुगा नसे. बारीक अक्षर वाचता यावं म्हणून ते थोडं रुंद आणि ठसठशीत ठेवत. त्यातल्या पोकळ्या मोकळ्या ठेवत, म्हणजे शाई भरून गिचका होत नसे. मोठ्या अक्षराला मात्र नाजूक वळणं परवडत. मुंबईत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना सुबक टाइपासाठी नावाजला गेला, त्यामागे आकाराआकाराचा असा विचार करणारे हात होते.

संगणक आला आणि खिळे गेले. आता अक्षराची फक्त बाह्यरेषा साठवलेली असते. काही मोजके बिंदू आणि त्यांच्यामधून जाणारी वक्ररेषा, बस्स. या वक्ररेषांना बेझिए वक्र म्हणतात. पिएर बेझिए हे रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीतले इंजिनिअर. मोटारीच्या पत्र्याची वळणं गणितात कशी मांडायची, यासाठी त्यांनी १९६० च्या दशकात हे वक्र वापरात आणले. सित्रोएन कंपनीत पॉल दे कास्तेल्जो यांनी त्याआधीच, १९५९ मध्ये, याच दिशेने काम केलं होतं. मोटारीच्या बॉनेटचं वळण आणि आपल्या 'क'चा गोल हे असे एकाच गणिताचे नातेवाईक आहेत. बाह्यरेषा गणितात असल्यामुळे ती कितीही पटीने वाढवता येते. आता बारासाठी एक केस आणि चोवीससाठी दुसरी, अशी गरज उरली नाही.

मग अडचण कुठे आहे? अडचण आहे ती वाढण्याच्या प्रवासात.

पडद्यावर खरं तर काहीच हलत नसतं. सिनेमाप्रमाणे तिथंही स्थिर चित्रं एकामागून एक दाखवली जातात. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं असतात. मोबाइलच्या पडद्यावर साधारणपणे साठ, आणि अलीकडच्या काही फोनमध्ये एकशेवीस. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, 'अंकुराची वाढ' नावाची एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडंथोडं चित्रण केलं. पाहणाऱ्याला मिनिटभरात बीजाचा वेल होताना दिसला. भांडवल देणाऱ्यांना त्यांनी ती दाखवली आणि त्यांची खात्री पटवली. आमचं कामही तेच आहे. मात्र फाळक्यांच्या अंकुराची पुढची अवस्था निसर्ग ठरवत होता, आमच्या अक्षराची आम्हाला ठरवावी लागते. पाव सेकंदात पंधरा चित्रं. प्रत्येक चित्रासाठी वेळ मिळतो तो सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्यात चित्र तयार झालं नाही तर ते गळतं आणि डोळ्याला धक्का जाणवतो.

ही पंधरा चित्रं काढायचे दोन मार्ग आहेत. पहिला सोपा. अक्षरांचा एकदा फोटो काढायचा आणि तो फोटोच ताणत न्यायचा. काम झटपट होतं, पण लहान फोटो मोठा केला की धुरकट होतो, हे लग्नाच्या अल्बमवरून आपल्याला ठाऊक आहे. दुसरा मार्ग कष्टाचा. दर चित्रात अक्षरं नव्याने रेखायची. म्हणजे तेरा पॉइंटची वेगळी, साडेतेराची वेगळी, चौदाची वेगळी. अक्षरं स्वच्छ दिसतात, पण ती थरथरू लागतात.

थरथरण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पडदा हा बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो, पिक्सेल म्हणतात त्यांना. अक्षराची रेघ ठिपक्यांच्या मध्येच पडली तर ती पुसट दिसते. म्हणून फाँटमध्ये काही सूचना भरून ठेवलेल्या असतात की, रेघ जवळच्या ठिपक्यावर नेऊन बसव. स्थिर मजकुराला या सूचनांचा मोठा फायदा झाला, विशेषतः जुन्या जाड ठिपक्यांच्या पडद्यांवर. पण अक्षर वाढत असताना हीच शिस्त आडवी येते. आपली शिरोरेषाच घ्या. हिशेबाने ती एक ठिपका जाड असते, मग सव्वा होते, मग दीड. पण सव्वा ठिपका रंगवता येत नाही, म्हणून ती एकच राहते, एकच राहते, आणि दीड ओलांडला की एकदम दोन ठिपके होते! बाकीचं अक्षर हळूहळू वाढतंय आणि शिरोरेषा मात्र पायरीवरून उडी मारल्यासारखी जाड होते. त्यातच प्रत्येक अक्षराची जागाही पूर्ण ठिपक्यावर बसवली, तर शब्दातली अक्षरं कधी एकमेकांकडे सरकतात, कधी दूर जातात. हाताला कंप असलेल्या माणसाने लिहावं तसा शब्द दिसतो. त्यावर उपाय असा की, अक्षर वाढत असेपर्यंत ही शिस्त ढिली करायची. रेघेच्या कडेला करड्या छटा भरायच्या, अक्षरांना अर्ध्या-पाव ठिपक्यावर बसू द्यायचं आणि वाढ थांबली की पुन्हा नीट बसवायचं. हलत्या गोष्टीतला किंचित धूसरपणा डोळा माफ करतो, थरथर माफ करत नाही.

देवनागरीचा आणखी एक प्रश्न आहे. रोमन लिपीत दर अक्षर सुटं असतं. ते एकेक करून उड्या मारत पडद्यावर आणलं तरी बिघडत नाही. परदेशातून आयत्या आलेल्या करामती अशाच असतात. त्या आपल्या लिपीला लावल्या की शिरोरेषेचे तुकडे होतात, वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे जातं, जोडाक्षराचा पाय मोडतो. 'स्त्री' हा शब्द सुट्या भागांत तोडून हलवला तर वाचणार कसा? आपल्याकडे शब्द हाच एक जीव धरून हलवावा लागतो. उंचीचंही तसंच. आपल्या अक्षरांना डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार असतात आणि पायाशी उकार. ज्या चौकटीची उंची रोमन अक्षराच्या मापाने ठरवली, तिच्यात मोठं झालेलं मराठी अक्षर मावत नाही आणि डोकं कापलं जातं. चिता आणि चिंता यांत एका टिंबाचाच फरक, असं आपण म्हणतो. ते टिंब चौकटीने कापलं तर काय होईल, ते तुम्हीच पाहा. विंडोजबरोबर मिळणारा 'मंगल' हा फाँट रेखणारे प्रा. र. कृ. जोशी यांच्यासारख्या माणसांनी पडद्यावरच्या देवनागरीसाठी मोठे कष्ट घेतले. त्या कष्टांवर आमच्या चौकटींनी बोळा फिरवू नये, एवढं तरी पाहायला हवं.

आता वेगाबद्दल. समजा, बारा पॉइंटचं अक्षर अठ्ठेचाळीसचं करायचं आहे. मध्ये छत्तीस पॉइंटचं अंतर. ते पंधरा सारख्या भागांत वाटलं की झालं, असं कुणालाही वाटेल. पण डोळा बेरीज करत नाही, तो पट मोजतो. बाराचे चोवीस झाले म्हणजे दुप्पट, छत्तीसचे अठ्ठेचाळीस झाले म्हणजे फक्त एक-तृतीयांश वाढ. त्यामुळे सारख्या भागांनी वाढवलेलं अक्षर सुरुवातीला एकदम फुगतं आणि शेवटी रेंगाळतं. पेटी वाजवणाऱ्यांना हे चटकन कळेल. मध्य सप्तकातला सा २४० कंपनांचा धरला तर तार सप्तकातला ४८० चा आणि त्यापुढचा ९६० चा. कानाला मात्र दोन्ही अंतरं सारखीच वाटतात. अक्षरही तसंच पटीने वाढवावं. बाराचे अठ्ठेचाळीस करताना पंधराही चित्रांत आधीच्या आकारात जवळजवळ दहा-दहा टक्क्यांची भर घालत गेलं की डोळ्याला वाढ एकसारखी वाटते.

याच्यावर सुरुवात आणि शेवट यांचा संस्कार करायचा. एसटीची गाडी स्टँडवरून निघते तेव्हा हळूहळू वेग घेते आणि थांब्याआधी हळूहळू कमी करते. करकचून ब्रेक मारला की आतले लोक पुढच्या सीटवर आदळतात. डिस्नेच्या स्टुडिओतले दोन जुने चित्रकार, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन, यांनी १९८१ मध्ये आपल्या पुस्तकात चलच्चित्राची बारा तत्त्वं सांगितली. त्यांत हेही एक आहे: हळू निघा, हळू थांबा. गंमत म्हणजे हा वेग ठरवायलाही आम्ही बेझिए वक्रच वापरतो. अक्षराचा आकारही त्याच वक्राचा आणि चालही त्याच वक्राची.

श्रोतेहो, हे सगळं मला आधीही येत होतं. तरीही अण्णांची ओळ हरवली. मग चुकलं कुठे? त्या रात्री मी ॲप उघडून बसले आणि मनाशी म्हटलं, समजा ते अक्षर फटक्यात न वाढता अगदी लोण्यासारखं वाढलं असतं, तर अण्णांची ओळ सापडली असती का? प्रामाणिक उत्तर होतं, नाही. ओळी तर तुटल्याच असत्या आणि यादी सरकलीच असती.

वाचताना आपला डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही. तो उड्या मारतो. एका जागी साधारण पाव सेकंद टेकतो आणि पुढच्या शब्दावर झेप घेतो. झेप घेताना त्याला जवळपास काहीच दिसत नाही. ओळ संपली की उलट फिरून पुढच्या ओळीचं तोंड शोधतो. हे सगळं ओळी जागेवर आहेत, या भरवशावर चालतं. तो भरवसा मोडला की माणूस चुकतो, मग ती मोडतोड कितीही देखणी असो. अक्षर सुरळीत वाढवायचं ते सुंदर दिसावं म्हणून नव्हे, वाचणाऱ्याचं बोट ज्या शब्दावर आहे तो शब्द बोटाखालून निसटू नये म्हणून. आम्ही नेमकं हेच विसरलो होतो.

मग आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली, बोट ज्या शब्दावर आहे त्याची उंची पडद्यावर खिळ्यासारखी पक्की केली. अक्षर वाढलं तर वरचा मजकूर वर जाईल, खालचा खाली जाईल, पण ती ओळ हलणार नाही. दुसरी, ओळी कुठे तुटणार हे वाढ सुरू होण्याआधीच ठरवून ठेवलं. पूर्वी आकार वाढताना मधल्या प्रत्येक चित्रात शब्द एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर उड्या मारत. आता जुनी मांडणी मोठी होत विरत जाते आणि नवी मांडणी तिच्या जागी उमटते. शब्दांची पळापळ थांबली. तिसरी गोष्ट सगळ्यात साधी. 'अर्धी गोळी' हे दोन शब्द एकमेकांना बांधून टाकले. त्यांच्यामधल्या जागेवर ओळ तुटूच शकत नाही, अशी मोकळी जागा संगणकात असते. जायचं तर दोघांनी मिळून पुढच्या ओळीवर जायचं. या तिसऱ्या गोष्टीत चलच्चित्राची कसलीच करामत नाही, आणि अण्णांचा हात धरला असता तो बहुधा तिनेच.

एक सावधगिरीही सांगायला हवी. हलतं ते सगळ्यांनाच मानवतं असं नाही. आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिचा विकार असलेल्या माणसाला पडद्यावरचं फुगणं-सरकणं पाहून गरगरतं, मळमळतं. आयफोनमध्ये २०१३ मध्ये अशी हालचाल एकदम वाढली, तेव्हा अनेकांनी हीच तक्रार केली होती. आज तिथं हालचाल कमी करण्याची सोय आहे आणि अँड्रॉइडवरही ती बंद करता येते. चांगल्या ॲपने माणसाचं हे म्हणणं निमूट मानावं. वाढ न दाखवता थेट मोठं अक्षर दाखवावं, ओळ मात्र जागेवर ठेवावी.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या घरात कुणी फोन नाकाशी धरून वाचत असेल तर दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसा. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखाली अक्षराचा आकार बदलता येतो. ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर हालचाल कमी करता येते. वेबपानांसाठी २००८ मध्ये जे आंतरराष्ट्रीय निकष ठरले, त्यांत अक्षर दुप्पट मोठं केलं तरी मजकूर हरवता कामा नये, असं म्हटलं आहे. अँड्रॉइडने २०२३ पासून दुपटीपर्यंत मोठं अक्षर देताना एक शहाणपण दाखवलं. आधीच मोठे असलेले मथळे ते कमी वाढवतं आणि बारीक अक्षर जास्त. बँकेचं, औषधाचं, बिलाचं ॲप दुप्पट अक्षरांत तुटून पडत असेल, आकडे कापले जात असतील, तर गप्प बसू नका. बनवणाऱ्यांना कळवा. आमच्या चाळिशी न लागलेल्या डोळ्यांना ते दिसत नाही हो!

आणि जाता जाता खिळ्यांची गोष्ट पुरी करते. २०१६ मध्ये ॲडोबी, ॲपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून नव्या तऱ्हेचे फाँट जाहीर केले. त्यांत एकाच फाँटमध्ये अक्षराची जाडी, रुंदी आणि आकारानुसार बदलणारं वळण साठवता येतं. म्हणजे बारीक असताना अक्षर ठसठशीत, मोठं होता होता नाजूक, आणि तेही सलग, मध्ये पायरी न येता. मी हे अण्णांना कौतुकाने दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, अक्षर दोनदा लहान-मोठं करून पाहिलं आणि म्हणाले, "आमच्याकडे यासाठी आठ केसा होत्या. तुम्ही त्या एका डबीत भरल्यात, चांगलं केलंत."

मग पडद्यावरच्या रक्तदाबाच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी बटण दाबलं. अक्षर मोठं झालं. ओळ बोटाखालीच होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली, "अर्धी गोळी, सकाळी," आणि आईकडे पाहून डबी उघडली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)